शहरातला तलाव आणि आपली बांधी
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



शहरातल्या तलावाची काळजी नगरपालिकेने घ्यावी, आपला काय संबंध, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण तलाव शहरात असला तरी त्याचा तूब आपल्या बांधीकडेच उघडतो.

मूल, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी या पट्ट्यातील धान माजी मालगुजारी तलाव आणि बोड्यांच्या भरवशावर आहे. मालगुजारी 1951 मध्ये संपली आणि हे तलाव शासनाकडे आले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. पुढे 2015 च्या सुमारास सिंदेवाही, सावली, कुरखेडा, धानोरा येथे नगरपंचायती आल्या. आता हद्द एकाची, पाळ दुसऱ्याची आणि गटाराचे पाणी कोणाचेच नाही, अशी गत होऊ शकते. त्यातच 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांतून सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेले आहेत. म्हणून आपल्या तलावाची नोंद सातबारावर व निस्तार पत्रकात काय आहे, ते तलाठ्याकडे जाऊन एकदा पाहाच. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की तलाव, येव्याचा नाला व सांडवा नकाशात आहेत ना, हे तपासून मुदतीत लेखी हरकत द्या. तोंडी तक्रारीला किंमत नसते.

चंद्रपूरचा रामाळा तलाव गोंड राजांच्या काळातला. मच्छीनाल्यातून त्यात शहराचे सांडपाणी येत राहिले, जलपर्णी माजली. 2021 मध्ये इको-प्रो संस्थेचे बंडू धोत्रे यांनी उपोषण केले, त्यानंतर तलाव रिकामा करून खोलीकरण हाती घेतले गेले. माझ्या मते नुसता गाळ काढणे हा अर्धाच उपाय आहे. वरचा नाला शुद्ध झाल्याशिवाय तलाव पुन्हा तसाच होणार.

आता आपल्या पिकाचे बघू. सांडपाण्यात नत्र भरपूर असते. रोवणीनंतर धान काळेभोर हिरवे दिसते आणि आपण खूश होतो. मीही एका बांधीत असे पीक पाहून शाबासकी दिली होती. निसवल्यावर ते सारे लोळले. करपा आणि तुडतुडेही अशाच धानावर जास्त येतात. तेव्हा अशा पाण्याखाली युरियाची मात्रा कमी करा, दुसरा हप्ता पानांचा रंग पाहूनच द्या. पऱ्ह्यांना शक्यतो विहिरीचे पाणी द्यावे.

गाळाबाबत सांगायचे तर खेड्यातल्या तलावाचा गाळ हलक्या जमिनीला सोन्यासारखा. एकरावर 1 सें.मी. थर द्यायचा तर सुमारे 40 घनमीटर गाळ लागतो, म्हणजे 3 घनमीटरच्या ट्रॉलीने 13-14 खेपा. मुरूम लागला की खोदणे थांबवा, नाहीतर तलाव झिरपू लागेल. पाळीच्या पायथ्याला तर हातच लावू नका. शहरातल्या तलावाचा गाळ मात्र फुकट मिळतो म्हणून आणू नका. त्यात जड धातू असू शकतात. तपासणीशिवाय तो भाजीपाल्याच्या वावरात टाकू नये.

पाण्याचा नमुना घेताना तूब थोडा वेळ वाहू द्या, स्वच्छ प्लास्टिकची एक लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा, तलावाचे नाव व तारीख लिहा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. एक नमुना पावसाळ्यापूर्वी, दुसरा धान निसवताना.