साहित्यशास्त्राचे पहिले पुस्तक

कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यात नेसरी हे गाव आहे. फेब्रुवारी १६७४ मध्ये सरसेनापती प्रतापराव गुजर अवघ्या सहा स्वारांनिशी येथील खिंडीत आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामास आले. पुढे कुसुमाग्रजांनी या सात वीरांवर कविता लिहिली. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लताबाईंचा कंठ लाभून ती घरोघर पोहोचली. नेसरीच्या मुलामुलींना ती शिकवावी लागत नाही. ती त्यांच्या कानांवर पडतच असते.

आता अशी कल्पना करावी की, याच गावची एखादी मुलगी पदवीच्या वर्गात साहित्य हा विषय घेते आणि साहित्यशास्त्राच्या अभ्यासासाठी एखादे प्रारंभिक संकलन घ्यावे म्हणून वडिलांसह दुकानात जाते. दुकानदार तिच्यापुढे चारसहा ग्रंथ मांडतो. वडील किंमत पाहतात, मुलगी अनुक्रमणिका पाहते, आणि दोघेही सारखेच गोंधळतात. अखेर जो ग्रंथ सर्वांत जाड तोच सर्वांत चांगला, असे मानून तो घरी आणला जातो.

हे पहिले पुस्तक चुकले तर शास्त्र साधत नाही हे उघडच आहे. त्याहून मोठी हानी अशी की, हातची कविताही जाते. मुलगी संज्ञा पाठ करते, व्याख्या लिहिते, परीक्षाही उत्तीर्ण होते. मात्र ज्या कवितेने पूर्वी तिच्या अंगावर शहारा येत असे, ती आता तिला केवळ 'उदाहरण' वाटू लागते. गुणपत्रिकेत या हानीची नोंद कोठेही होत नाही.

निवड करताना प्रथम परिचयग्रंथ आणि संकलन यांतील भेद ध्यानात घ्यावा. परिचयग्रंथात एकच लेखक अनेक आचार्यांची मते आपल्या शब्दांत सांगतो. वाट दाखविण्यास तो उपयोगी खरा. परंतु त्यात सर्वांचा आवाज एकसारखा ऐकू येतो. संकलनात आचार्य स्वतः बोलतात. ती एक विद्वत्सभाच असते, आणि जेथे सभासद एकमेकांस प्रत्युत्तर देतात तीच सभा जिवंत. म्हणून नावे किती आहेत हे मोजण्यापेक्षा, त्या नावांत काही वाद चालला आहे काय, हे पाहावे.

दुसरी कसोटी आपल्या पाठ असलेल्या कवितेची. नेसरीची कविताच घ्यावी. भरतमुनींचा अनुयायी विचारील, हिचा रस कोणता? स्वारांच्या ठायी उत्साह आहे म्हणून वीर म्हणावा, तर ऐकणाऱ्याचा गळा दाटतो त्याचे काय? तो करुण का नव्हे? आनंदवर्धन पाहील की, शब्दांनी सांगितले किती आणि सुचविले किती. महाराजांचा रोष मनाला लागून सेनापती बेभान झाले, असे बखरी सांगतात. ॲरिस्टॉटलची दृष्टी नेमकी तेथे जाईल, कारण थोर पुरुषाचा प्रमाद आणि त्यातून ओढवलेला विनाश हा त्याच्या शोकात्मिकेच्या मीमांसेचा गाभा आहे. मर्ढेकर प्रसंग क्षणभर बाजूस ठेवून संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी कविता कशी घडली ते शोधतील. भालचंद्र नेमाडे देशीयतेचा प्रश्न पुढे आणतील. कविता एकच, पण प्रत्येक प्रश्नाने तिचा निराळा पैलू उजळतो. ज्या संकलनातील तीनचार लेख तरी आपल्या ओळखीच्या कवितेवर असा प्रकाश टाकतात, ते आपल्यासाठी योग्य.

या कसोटीवर प्रचलित संकलने पाहावी. २००१ साली प्रथम निघालेले 'नॉर्टन अँथॉलॉजी ऑफ थिअरी अँड क्रिटिसिझम' अडीच हजारांहून अधिक पृष्ठांचे असून त्याचा आरंभ ग्रीक गॉर्जियसपासून होतो. ग्रंथालयात ते अवश्य असावे; नवशिक्याने मात्र त्यापासून सुरुवात करणे म्हणजे पोहावयास शिकण्यासाठी थेट समुद्रात उतरणे होय. डेव्हिड लॉज यांचे १९८८ चे संकलन सोस्यूरपासून सुरू होते. आधुनिक विचारासाठी ते उत्तम, परंतु रस आणि ध्वनी यांची चर्चा त्यात शोधू नये. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात शिकलेले गणेश देवी यांनी २००२ साली संपादिलेल्या 'इंडियन लिटररी क्रिटिसिझम' या ग्रंथात भरतमुनींपासून ज्ञानदेव, मर्ढेकर आणि नेमाडे यांच्यापर्यंतची मंडळी एकत्र भेटतात. मराठी घरातील विद्यार्थ्याने येथून आरंभ करावा, हे अधिक श्रेयस्कर.

हा ग्रंथ इंग्रजीत आहे, ही अडचण खरी. तिच्यावर उपाय मराठीतच आहे, आणि नेसरीपासून दूर नाही. 'अभिनव काव्यप्रकाश' लिहिणारे प्रा. रा. श्री. जोग यांचा जन्म १९०३ साली गडहिंग्लजचाच. ग. त्र्यं. देशपांडे यांचे 'भारतीय साहित्यशास्त्र' १९५८ साली प्रसिद्ध झाले, तर ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी मराठीत आणले. इंग्रजी संकलन उजव्या हाताशी आणि यांपैकी एक मराठी ग्रंथ डाव्या हाताशी असला म्हणजे संज्ञा परक्या राहत नाहीत.

अखेरची गोष्ट पैशांची. ग्रंथ विकत घेण्यापूर्वी तो वाचनालयातून आणावा. त्यातील एकच लेख सावकाश वाचावा, पुस्तक मिटावे आणि आपली पाठ असलेली कविता मोठ्याने म्हणावी. एखादा शब्द पूर्वी कधी ऐकू आला नव्हता असा ऐकू आला, तर निःशंकपणे पैसे मोजावे. कविता मुकी झाल्यासारखी वाटली, तर तो ग्रंथ कितीही नामांकित असो, परत करावा आणि दुसरा मागावा. शास्त्र थोडे उशिरा आले तरी चालते. पण कविता मात्र मुकी होऊ देऊ नये.