वाय नावाची कोठडी

विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० ला थांबणार होती, म्हणून आमच्या कचेरीतले जुने संगणक विंडोज १० वर न्यायचं ठरलं. मी बी.ए., त्यातून कवी. तरी काम माझ्याच गळ्यात पडलं.

पहिल्याच यंत्रानं मान हलवली. सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन बदलता येत नाही, म्हणे! डिस्क तर निम्मी रिकामी. पण विंडोज ७ डिस्कवर स्वतःसाठी १०० एमबीची एक कोठडी राखून ठेवतं. यंत्र जागं होतं ते तिथून. तीच गच्च भरली होती. उपाय असा, की कोठडीला वाय हे अक्षर द्यायचं, म्हणजे दार उघडतं, आणि आतले फॉन्ट पुसायचे.

‘चाचा, अक्षरं पुसायची? मग आपली मराठी पत्रं?’ टायपिंगची मुलगी घाबरली. माझ्याही पोटात गोळा आला. माझ्या कविता त्याच यंत्रात होत्या. (साहेबांना हे ठाऊक नव्हतं.) वास्तविक तिथले फॉन्ट फक्त यंत्र सुरू होतानाच्या पडद्यापुरते, आपले मराठी फॉन्ट विंडोजच्या वेगळ्या फोल्डरात असतात. तरी आधी सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, मराठी फॉन्टसकट. मगच पुसलं.

संध्याकाळी नवा पडदा उजळला. मी आधी कविता उघडली. वेलांटीसुद्धा हलली नव्हती. मग तिला पत्रं दाखवली.