इंग्रजीचा श्रीगणेशा



वसंत ऋतूत लोकांनी चार विचार ऐकण्यासाठी जमावे ही चाल न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात पाडली. तीच चाल या गडाच्या पायथ्याशी चालू आहे हे पाहून आम्हांला संतोष वाटतो.

आज दुपारी येथे येताना एक प्रसंग पाहिला. एका परप्रांतीय प्रवाशाने आपल्यापैकी एका मुलाला गडाची वाट इंग्रजीत विचारली. मुलाला वाट पाऊल न् पाऊल ठाऊक. 'स्ट्रेट', 'लेफ्ट', 'राइट' हे शब्दही ठाऊक असणारच. तरी त्याने नुसता हात दाखवला आणि तो सोबत्यांच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला.

त्या मुलाच्या जागी आम्ही स्वतःला पाहिले. शाळेत असताना 'आयलंड' हा शब्द आम्ही 'इसलँड' असा वाचला. वर्ग हसला, मास्तरही हसले. पुढे दोन वर्षे आम्ही इंग्रजीच्या तासाला तोंड उघडले नाही. त्या शब्दातला 'एस' मुळात नव्हताच, जुन्या इंग्रज पंडितांनी तो चुकीच्या समजुतीने घुसडला, हे आम्हांला फार उशिरा कळले. चूक त्यांची, आणि दोन वर्षे गेली आमची!

तेव्हा पहिली गोष्ट ही की, इंग्रजी आधी कानाने शिकावी, मग डोळ्याने. मराठी बव्हंशी लिहितो तशी वाचतो. इंग्रजीचे उच्चार शतकानुशतके बदलत गेले, लेखन मात्र पुष्कळसे जुनेच राहिले. 'नाइट' म्हणजे सरदार, या शब्दाच्या आरंभीचा 'के' एके काळी खरोखर उच्चारला जाई. आज तो नुसता शोभेला उरला आहे.

आणि उच्चारांचे पुष्कळसे भांडवल आपल्या तोंडात आहेच. 'झीरो' म्हणताना आपण झाडातला 'झ' घालतो. तेथे बाजारातला 'ज' हवा. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम, हा शब्द दिवा फुंकताना ओठ गोल करतो तसे करून म्हणावा. बंडीला म्हणतात त्या 'व्हेस्ट'साठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवावे. मराठीत नाही ते एक म्हणजे आघात. 'फोटोग्राफ' शब्दात जोर पहिल्या अक्षरावर, पण 'फटॉग्रफर' म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो. जोर चुकला तर ऐकणारा चाचपडतो. म्हणून नवा शब्द जोरासकट पाठ करावा.

आता व्याकरण. भाकरी खाल्ली, भात खाल्ला, आंबे खाल्ले: कर्म बदलले की आपले क्रियापद बदलते. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच 'एट'. आपल्या घरातले चार वर्षांचे पोर जे सांभाळते, त्यापुढे 'आय गो, ही गोज' यातला एक 'एस' कसला जड? अडते ते वाक्याच्या घडणीत. आपल्याला भूक 'लागते', ताप 'येतो'. इंग्रज म्हणतो, मी भुकेला आहे, माझ्याजवळ ताप आहे. शब्दाला शब्द ठेवून भागत नाही, अख्खे वाक्य उचलावे लागते. 'अ' की 'ॲन' हेही कानच ठरवतो: 'अवर' एचने लिहितात, पण उच्चार स्वराचा, म्हणून 'ॲन अवर'. आणि वडीलधाऱ्या पाहुण्याला 'यू' म्हणताना जीभ अडखळत असेल, तर ध्यानात ठेवा की तेथे तू, तुम्ही आणि आपण या सर्वांना तोच एक शब्द. आदर 'प्लीज' आणि 'सर' यांनी दाखवावा.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. 2000 सालापासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आहे. पुस्तके आली, वर्ग आले. पण लाज कोणत्याही इयत्तेत आपोआप जात नाही. येथे आम्हांला मोल्सवर्थसाहेब आठवतो. कंपनीच्या लष्करातला हा अधिकारी मराठीच्या बाबतीत आपल्यासारखाच नवशिका होता. आपल्या 'ळ'पुढे आणि 'ठ'पुढे साहेबांची जीभही वळत नसे. पण हा मनुष्य शास्त्र्यांना विचारीत राहिला, शब्द गोळा करीत राहिला, आणि 1831 साली त्याचा मराठी-इंग्रजी कोश छापून निघाला. तो आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो.

परभाषेत चुकणे हा नवशिक्याचा हक्क आहे. मायबापहो, मुलगा घरी 'इसलँड' म्हणाला तर हसू नका. नीट उच्चार सांगा आणि त्याच्याबरोबर तुम्हीही म्हणा. उद्या कोणी गडाची वाट विचारली, तर 'गो स्ट्रेट, देन टर्न लेफ्ट' एवढे मोठ्याने सांगा. प्रवासी गडावर पोहोचला म्हणजे तुमची इंग्रजी बरोबर होती.