यादीतला नंबर आणि निघायची तारीख

(२९ डिसेंबर २०२४ रोजी १९९२ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल." मी हो म्हटलं होतं. पण सकाळपासून चहाच्या टेबलाशी ऐकतेय, आपल्या सगळ्यांच्या गप्पा एकाच गोष्टीवर येऊन थांबतात: मुलांचे प्रवेश. कुणाची नीट, कुणाची सीईटी, कुणाचं जॉर्जिया की कझाकस्तान. म्हणून विषय बदलते. एका प्रवेशाची गोष्ट सांगते. त्यात माझी एक जुनी कबुलीही आहे, आणि ती ज्यांना द्यायची ते गणिताचे सर पहिल्या रांगेत बसले आहेत.

मिरजेत वाढलेल्या माणसाला डॉक्टरांचं अप्रूप नसतं. आपल्या गावात हाक मारली तर तीन डॉक्टर वळून बघतात. मी इंजिनिअर झाले, नवराही इंजिनिअर, आणि न्यू जर्सीत जन्मलेल्या आमच्या लेकीला मात्र डॉक्टर व्हायचं आहे.

तिकडे बारावीनंतर थेट मेडिकल नसतं. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची परीक्षा, मग अर्ज. एमडीच्या कॉलेजांना वर्षाला सुमारे ५२ हजार मुलं अर्ज करतात आणि सुमारे २३ हजार आत जातात. माझी लेक उरलेल्यांत होती. वीस कॉलेजांना अर्ज केले, तीन ठिकाणी मुलाखती झाल्या, तिन्हीकडून नकार आला. मग तिने कॅरिबियन बेटांवरच्या एका कॉलेजला अर्ज केला. तिथे दोन वर्षं बेटावर अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी वगैरे शिकायचं आणि पुढची दोन वर्षं अमेरिकेतल्या रुग्णालयांत वॉर्डात काम करायचं. अमेरिकेतली कॉलेजं वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होतात. ही बेटांवरची कॉलेजं ऑगस्टमध्ये मुलं घेतात आणि जानेवारीतही घेतात.

जून महिन्यात त्यांचं पत्र आलं. तुम्ही ऑगस्टच्या तुकडीसाठी प्रतीक्षा यादीत आहात. हवं तर यादीत थांबा; जागा झाली तर अगदी वर्ग सुरू होण्याच्या आठवड्यातही फोन येऊ शकतो. नाहीतर जानेवारी २०२५ ची पक्की जागा घ्या. पण यादीत थांबलात तर जानेवारीची जागा राखून ठेवणार नाही. तीन आठवड्यांत कळवा.

दोन्ही हातांत लाडू मिळणार नव्हते. आपल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसचं वेटिंग बरं, निदान बारावा नंबर आहे हे तिकिटावर लिहिलेलं असतं. आरएसी झालं तर अर्ध्या बाकावर टेकून तरी मुंबई गाठता येते. इथे आपला नंबर किती तेच सांगत नव्हते.

माझं मत लगेच तयार होतं: यादीत थांब, ऑगस्ट सोडू नकोस, वर्ष वाया जाईल. "वर्ष वाया जाईल" हे वाक्य आपल्या पिढीने आईच्या दुधाबरोबर प्यायलेलं आहे. लेक म्हणाली, "आई, ऑगस्ट आणि जानेवारीत पाच महिन्यांचा फरक आहे. वर्ष कुठून आलं?"

मी इंजिनिअर. लॅपटॉप उघडला, एक्सेल काढलं आणि उलटं मोजायला सुरुवात केली. आम्ही सॉफ्टवेअरवाले असंच करतो. काम कधी सुरू होणार याला फारसा अर्थ नसतो. ग्राहकाला कधी द्यायचंय त्या तारखेपासून मागे मोजत यायचं.

अमेरिकेत डॉक्टरच्या शिक्षणाचा शेवटचा दरवाजा म्हणजे रेसिडेन्सी, आपल्याकडच्या एमडी-एमएससारखं रुग्णालयातलं प्रशिक्षण. तो दरवाजा वर्षातून एकदाच उघडतो, बहुतेक सगळीकडे १ जुलैला. त्याच्या आधी मार्चमध्ये 'मॅच'. उमेदवार आपल्या पसंतीची रुग्णालयं क्रमाने लिहितात, रुग्णालयं उमेदवार क्रमाने लिहितात आणि संगणक जोड्या लावतो. त्याच्याही आधी सप्टेंबरात अर्ज. आत येण्याचे दरवाजे दोन असले तरी बाहेर पडण्याचा एकच.

आता मोजा. ऑगस्ट २०२४ ला सुरुवात केली तर बेटावरची दोन वर्षं २०२६ च्या मे महिन्यात संपतात, मग लायसन्सची पहिली परीक्षा, मग वॉर्डातली दोन वर्षं, आणि जुलै २०२८ ला रेसिडेन्सी. जानेवारी २०२५ ला सुरुवात केली तर बेटावरचा अभ्यास डिसेंबर २०२६ ला संपतो. वॉर्डातली दोन वर्षं २०२८ च्या शेवटापर्यंत जातात. जुलै २०२८ चा दरवाजा तोवर बंद झालेला असतो. म्हणजे जुलै २०२९.

सुरुवातीला पाच महिने उशीर, शेवटी बारा महिने. मी विजयी मुद्रेने लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.

तिने तो तक्ता बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "यात नापास होण्याचा कॉलम कुठे आहे?"

नव्हता. पोरगी बरोबर होती. ऑगस्टच्या गणितात सगळ्या परीक्षा पहिल्या फटक्यात सुटल्या तरच २०२८ चा दरवाजा गाठता येतो. बेटावर एक सत्र जरी पुन्हा करावं लागलं, तरी ऑगस्टवाली मुलगी आपोआप जानेवारीच्या तुकडीत येऊन बसते, आणि ती नापासाचा शिक्का घेऊन. हा शिक्का साधा नाही. लायसन्सच्या पहिल्या परीक्षेचे गुण २०२२ पासून देत नाहीत, फक्त पास की नापास. त्यामुळे रुग्णालयं बाकीचं प्रगतिपुस्तक आणखी बारकाईनं बघतात. त्यात मॅचचे आकडे सगळ्यांना सारखे नाहीत. २०२४ च्या मॅचमध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांच्या एमडीच्या शेवटच्या वर्षातल्या शंभर मुलांपैकी सुमारे ९३ जणांना जागा मिळाली. परदेशात शिकलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी ६७ जणांना. प्रश्न एक वर्ष वाचण्याचा नव्हताच. त्या ३३ जणांत न जाण्याचा होता.

आणि जानेवारीच्या तक्त्यात मात्र शेवटी सहा महिन्यांची मोकळी जागा दिसत होती. आम्ही तिला 'बफर' म्हणतो आणि प्रत्येक प्रोजेक्टमध्ये साहेबाशी भांडून मागून घेतो. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत मी तिला 'वाया' म्हणत होते.

तरीही मी हटले नाही. मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. तिला लहानपणापासून शंभरदा सांगितलेली गोष्ट: "मीसुद्धा वेटिंगवर होते. शेवटच्या क्षणी बोलावणं आलं, मी धावत गेले, म्हणून आज इंजिनिअर आहे."

ही गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. १९९४ साल. बारावीच्या गुणांवर प्रवेश. माझं नाव इंजिनिअरिंगच्या वेटिंग लिस्टवर होतं, मी बी.एस्सी.ला बसायला लागले होते. एका दुपारी निरोप आला की उद्या फी घेऊन या. बाबांनी शेजारच्या काकांकडून पैसे उसने घेतले. मी पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन एसटीत बसले. एवढंच मी सगळ्यांना सांगत आले.

पुढचं कधी सांगितलं नाही. मी पोचले तेव्हा वर्ग सुरू होऊन दीड महिना झाला होता. हॉस्टेल भरलेलं. बाबांच्या एका दूरच्या नातेवाइकांकडे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झोपायची, कॉलेजला जायला दोन बस बदलायची. ड्रॉइंगच्या सात शीट मागे होते. इंजिनिअर मंडळींना जीटी म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी: खालून दिवा लावलेल्या काचेवर दुसऱ्याचा शीट ठेवून आपला गिरवायचा. दीड महिना मी फक्त गिरवत होते. गणिताच्या तासाला फळ्यावर जे चाललेलं असायचं, त्याच्या आधीचं मला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि विचारायची लाज वाटायची. कारण मी गणितातली हुशार मुलगी होते.

सर, दहावीला तुमच्या हातचे दीडशेपैकी १४३ गुण मिळवलेली मी, पहिल्या वर्षी गणितात नापास झाले. एम-वनला केटी. त्या दिवाळीत तुम्ही बाजारात भेटलात. "काय गं, कसं चाललंय इंजिनिअरिंग?" मी म्हटलं, "छान, सर." त्यानंतर चार-पाच वर्षं तुम्ही लांबून दिसलात की मी गल्ली बदलायची. आज तीस वर्षांनी सांगतेय. उशीर झाला, माफ करा.

त्या जूनच्या रात्री हे सगळं मी लेकीला पहिल्यांदा सांगितलं. कसं कोण जाणे, तिच्या "नापासाचा कॉलम कुठे आहे" या प्रश्नाने ते बाहेर आलं. ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "तुझी तारीख कुणी ठरवली होती, आई?"

मी म्हटलं, "यादीने."

"मग माझी मी ठरवते."

तिने जानेवारी निवडलं. उत्तर पाठवून आठवडाही झाला नव्हता, आणि १ जुलैला बेरिल चक्रीवादळ ग्रेनाडाच्या कॅरिआकू बेटावर धडकलं. तिकडे जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम. ऑगस्टची तुकडी त्याच्या ऐन मध्यावर सुरू होते. हे माझ्या तक्त्यात कुठेच नव्हतं. पण वादळ आलं म्हणून तिचा निर्णय बरोबर ठरला असं मी म्हणणार नाही. ऑगस्टला फोन आला असता का, हे आम्हाला कधीच कळणार नाही. २०२९ च्या मॅचमध्ये काय होईल तेही आज माहीत नाही. कदाचित ते वर्ष तिला महाग पडेल.

पण हे पाच महिने तिने कसे वापरले ते मी पाहिलं आहे. एका दवाखान्यात डॉक्टरांच्या शेजारी बसून रुग्णांच्या नोंदी टाइप करायची नोकरी केली. थोडे पैसे साठवले. रोज सकाळी अ‍ॅनाटॉमी वाचली. आणि डिसेंबरात आजीकडे आली. आजीने तिला विचारलं, "इतके दिवस घरी कशी? सुट्टी आहे का?" ती म्हणाली, "नाही आजी, तयारी चालू आहे." मी असते तर हे उत्तर देताना चाचरले असते. दोन आठवड्यांनी ती बेटावर जाईल. हॉस्टेलची खोली ठरलेली आहे, पुस्तकं घेतलेली आहेत, आणि पहिल्या दिवशी ती पहिल्या बाकावर असेल.

तुमच्यापैकी ज्यांची मुलं परदेशात मेडिकलला जायचा विचार करताहेत, त्यांच्यासाठी नियम वेगळे आहेत, पण मोजायची रीत तीच. भारतात परत येऊन प्रॅक्टिस करायची असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे नीट लागते, अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, मग इथे पुन्हा १२ महिन्यांची. आणि हे सगळं सुरुवात केल्यापासून दहा वर्षांच्या आत. इथली पात्रता परीक्षा वर्षातून दोनदा होते. एजंट तुम्हाला सांगेल, "आजच पैसे भरा, पुढच्या आठवड्यात विमान." तेव्हा कागद-पेन्सिल घ्या आणि शेवटच्या दरवाजापासून मागे मोजा. मधे एकदा नापास झालं तर काय, हा कॉलम न विसरता घाला. मग तो कागद मुलांपुढे ठेवा आणि थोडा वेळ गप्प बसा. मला हे शेवटचं सगळ्यात जड गेलं.

आणि प्रवेशाच्या गोष्टी मुलांना सांगताना पूर्ण सांगा. आपण फक्त ट्रंक घेऊन एसटीत चढण्यापर्यंतच सांगतो.

लेक मागच्या रांगेत बसली आहे. मराठी तिला सगळं कळतं, त्यामुळे आता घरी गेल्यावर माझी शाळा होणार आहे.

सर, एक राहिलं. दुसऱ्या वेळी एम-वनला मला ७१ मिळाले होते. तेव्हा तुम्हाला येऊन सांगायला हवं होतं. आज सांगितलं.