नाट्यगृह कुणासाठी बांधायचं?

(मराठी रंगभूमी दिनानिमित्त सुरत येथे दिलेल्या व्याख्यानाची संपादित संहिता)



५ नोव्हेंबरला आपण विष्णुदास भाव्यांचं स्मरण करतो. १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' झालं तेव्हा मराठी रंगभूमीकडे स्वतःचं नाट्यगृह नव्हतं. संस्थानिकांचा आश्रय होता, हौस होती आणि बघायला माणसं होती. म्हणजे नाटक इमारतीशिवाय जन्माला येऊ शकतं. पण ते इमारतीशिवाय टिकतं का? आज मला याच प्रश्नावर बोलायचं आहे.

सुरतेत हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. नानपुऱ्यातलं महापालिकेचं गांधी स्मृती भवन चाळीसएक वर्षं वापरून जीर्ण झालं. ते पाडून त्याच जागी नवं बांधायचं ठरलं. काम रेंगाळत गेलं, तेव्हा शहरातल्या रंगकर्मींना त्यासाठी आवाज उठवावा लागला. हे रंगकर्मी बहुतांशी गुजराती होते. आपण मराठी माणसं त्यात किती होतो, हे ज्याचं त्याने आठवून पाहावं. मी नव्हते, हे मी आधीच कबूल करते.

नाट्यगृह बंद असतं तेव्हा नुसते प्रयोग बंद होत नाहीत, प्रेक्षकाची सवय मोडते. शनिवारी रात्री जेवण लवकर उरकून नाटकाला जायचं, ही घराघरात रुजलेली एक रीत असते. आजीने नातवाला बोट धरून नेलेलं असतं. चार-पाच वर्षं पडदा वर गेला नाही, तर तो नातू कॉलेज संपवून नोकरीला लागतो आणि त्याला नाट्यगृहाची वाट माहीतच होत नाही. इमारत पुन्हा बांधता येते. गेलेली पिढी प्रेक्षागृहात आणून बसवता येत नाही. म्हणून जुनं पाडण्याआधी 'तोवर प्रयोग कुठे होतील?' या प्रश्नाचं उत्तर कागदावर हवं.

आता आपल्या मराठी मुलखातली तीन उदाहरणं पाहू.

पहिलं कोल्हापूरचं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ साली पॅलेस थिएटरचं काम सुरू करवलं आणि १९१५ साली ते खुलं झालं. पुढे १९५७ मध्ये त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. नाट्यगृहाला लागूनच खासबाग कुस्ती मैदान आहे. कुस्तीला येणारा पैलवान, शेतकरी, हमाल आणि नाटकाला येणारा रसिक यांची वाट महाराजांनी एकच ठेवली. जागा निवडतानाच प्रेक्षक कोण हे ठरलेलं होतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह आगीत जळालं. त्याआधीच्या दशकातच त्याचं नूतनीकरण झालेलं होतं. आग लागल्यावर कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले आणि 'जसं होतं तसंच उभारा' ही मागणी लगेच पुढे आली. आपल्या शहरातलं कुठलं सभागृह जळालं तर आपण असे रडू? उत्तर अवघड आहे. ते देताना सभागृहाकडे आणि स्वतःकडे, दोन्हीकडे पाहावं लागेल.

दुसरं उदाहरण पणजीच्या कला अकादमीचं. चार्ल्स कोरिया यांनी मांडवीच्या काठावर उभारलेली ही वास्तू २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाली. जुलै २०२३ मध्ये, काम चालू असतानाच, खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. त्याच वर्षाअखेर वास्तू पुन्हा खुली झाली, पण ध्वनी, प्रकाश आणि गळतीच्या तक्रारी कलाकारांनी पुढेही मांडल्या. धडा साधा आहे. नाट्यगृह म्हणजे खुर्च्या आणि वातानुकूलन नव्हे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला माईकशिवाय वाक्य ऐकू येतं की नाही, ही त्याची पहिली परीक्षा. ती परीक्षा नटाने घ्यायची असते, आणि उद्घाटनाच्या आधी.

तिसरं पुण्याचं. बालगंधर्व रंगमंदिराचं भूमिपूजन १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झालं. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जयंतीला, ते खुलं झालं. पण ते पाहायला बालगंधर्व उरले नव्हते. या वास्तूच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव आला तेव्हा रंगकर्मींत दोन तट पडले. 'सोयी हव्यात' म्हणणारेही नाटकवाले आणि 'वास्तूला हात लावू नका' म्हणणारेही नाटकवाले. मला दोघांचंही पटतं. भांडण झालं हेच चांगलं झालं, कारण जिथे भांडण होतं तिथे कुणीतरी त्या वास्तूला आपली मानत असतं.

आता सुरतेकडे येते. या शहरात मराठी माणूस कोण आहे? इतिहासाच्या पुस्तकात तो १६६४ साली घोड्यावरून येतो. प्रत्यक्षात तो तापी खोऱ्याच्या रेल्वेने आला. नंदुरबार, धुळे, जळगावहून, हातात पत्र्याची पेटी घेऊन. तो लूमवर उभा राहिला, डाइंगच्या भट्टीपाशी राबला. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली इथे त्याची घरं आहेत. घरात तो अहिराणी बोलतो, मुलं नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळेत गेली तर मराठी शिकतात आणि रस्त्यावर तिघांची मिळून हिंदी चालते. श्रावणात कानबाई बसते तेव्हा त्याच्या गल्लीत रात्र जागते. डफावर वहीगायन रंगतं. याला आपण 'लोककला' म्हणून पेपरात दहा गुणांचा प्रश्न विचारतो, पण नाट्यगृहाचा विचार करताना तो प्रेक्षक आपल्याला आठवत नाही.

आपल्याला आठवतं ते मुंबईहून येणारं नाटक. चांगली नावं, चांगलं तिकीट, आणि प्रयोग तापीपलीकडे पालच्या संजीवकुमार ऑडिटोरियममध्ये. मलाही ती नाटकं आवडतात. पण बारा तासांची पाळी करून आलेला माणूस लिंबायतहून पालला कसा पोचेल आणि मध्यरात्री परत कसा येईल? त्याच्या बायकोने काय करायचं?

काही वर्षांपूर्वी माझ्या विद्यार्थ्यांनी एकांकिका बसवली. तालीम एका मुलाच्या चाळीच्या गच्चीवर चालायची, शेजारच्या लूमच्या खडखडाटात. मुलं इतकी मोठ्याने बोलायला शिकली की परीक्षकांनी 'आवाज जरा खाली' अशी सूचना केली. प्रयोगासाठी एका सभागृहाची तारीख आम्ही घेतली होती. आठ दिवस आधी ती काढून एका समारंभाला दिली गेली. भाड्याची रक्कम परत मिळाली, पण मुलांचा हुरूप परत मिळाला नाही. त्यांतली राम्याची भूमिका करणारी पोरगी आज साड्यांना टिकल्या लावण्याचं काम घरी करते. तिचं पाठांतर अजून पक्कं आहे.

म्हणून नवं नाट्यगृह बांधताना माझ्या मागण्या छोट्या आहेत. हजार आसनांच्या सभागृहाबरोबर दीडदोनशे आसनांचं एक लहान सभागृह असू द्या; हौशी संस्थेला हजार खुर्च्यांचं भाडं झेपत नाही आणि रिकाम्या खुर्च्या नटाला खातात. दोन तालीमखोल्या द्या, तासावर मिळणाऱ्या. नेपथ्याचा टेम्पो थेट विंगेपर्यंत येईल असं मागचं दार ठेवा. बायकांच्या स्वच्छतागृहांची संख्या मध्यंतराच्या गर्दीवरून ठरवा. महिन्यातल्या ठरावीक तारखा नाटकासाठी राखा आणि त्या कुणाच्याही समारंभासाठी काढू नका. गुजराती, मराठी, उडिया, हिंदी, तेलुगू या साऱ्या भाषा या शहरात राबतात, तर त्यांना तारखाही मिळू द्या. आणि प्रयोग सुटल्यावर उधन्याकडे जाणारी एक बस असू द्या.

हे मागायला मात्र आपल्याला जावं लागेल. आराखड्यावर हरकती मागवतात तेव्हा आपण घरी असतो, आणि उद्घाटनाला पुढच्या रांगेत. चंद्रवदन मेहतांच्या या गावात नाटकाचा अभिमान सगळ्यांना आहे. पण अभिमानाने नाट्यगृह चालत नाही, ते तिकीट काढून आत बसलेल्या माणसांनी चालतं.

विद्यार्थ्यांना एक काम सांगते आणि थांबते. या सुट्टीत आपापल्या गल्लीतल्या दहा घरी जा. 'शेवटचं नाटक कधी पाहिलं, आणि पुन्हा का पाहिलं नाही?' एवढंच विचारा. उत्तरं लिहून आणा. ती घेऊन आपण सगळे मिळून महापालिकेत जाऊ. यावेळी मीही येईन.