खोटी वर्दी

आगगाडीच्या डब्यात खिडकीच्या वरच्या अंगाला संकटसमयी ओढावयाची साखळी असते आणि तिच्याजवळ दंडाची पाटी. जुन्या पिढीतील कित्येकांनी फौजदारी कायद्याचे पहिले वाक्य वाचले ते या पाटीवरच. योग्य कारणावाचून साखळी ओढणाऱ्यास 1890 च्या रेल्वे कायद्याने पन्नास रुपयांपर्यंत दंड ठेवला होता. त्या काळी पुष्कळांच्या महिन्याच्या मिळकतीहून ही रक्कम मोठी होती. 1989 च्या कायद्याने शिक्षा वाढवून एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी केली. विशेष कारण नसेल तर पहिल्या खेपेस निदान पाचशे रुपये दंड, आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास निदान तीन महिने कैद, असेही त्यात ठरविले. वऱ्हाडातली चार माणसे फलाटावर राहिली म्हणून साखळी ओढणाऱ्यांची मात्र त्यामुळे वाण पडलेली नाही.

साखळी ओढणे ही मुकी वर्दीच होय. बोलकी वर्दी पोलीस चौकीत, आगीच्या बंबाकडे किंवा 112 या क्रमांकावर दिली जाते. ‘लांडगा आला रे आला’ म्हणून ओरडणाऱ्या गुराखी पोराकडे गावाने अखेर पाठ फिरविली; बंबवाल्यांना ती मोकळीक नाही. दहा वेळा फसविले गेले तरी अकराव्या वर्दीला त्यांना तितक्याच लगबगीने निघावे लागते, आणि तेवढा वेळ शहराचा दुसरा भाग उघडा पडतो.

सरकारी नोकराला जाणूनबुजून खोटी माहिती देऊन त्याच्याकडून भलतेच काही करविणे, किंवा त्याचा अधिकार दुसऱ्याच्या उपद्रवासाठी वापरावयास लावणे, हा 1860 च्या दंडसंहितेच्या कलम 182 प्रमाणे अपराध होता. त्या कलमाखालील उदाहरणे वाचण्याजोगी आहेत. एक इसम अमक्याच्या घरी चोरटे मीठ दडविले आहे अशी खोटी चुगली करतो, म्हणजे त्या घराची झडती व्हावी. दुसरा पोलिसाला सांगतो की, अमक्या गावाजवळ आपल्याला मारहाण करून लुटले. तो नाव कोणाचेच घेत नाही. परंतु आता त्या गावात झडत्या होणार हे त्याला पुरते ठाऊक असते. एका वाक्याने सबंध गाव छळण्याची ही युक्ती कायदा करणाऱ्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. त्या वेळी शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 217 त्या जागी आले आणि ही मर्यादा एक वर्ष व दहा हजार रुपये झाली. मात्र फसविल्या गेलेल्या अधिकाऱ्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी फिर्याद दिल्यावाचून न्यायालय दखल घेत नाही, आणि रोजच्या कामाच्या रेट्यात ती उठाठेव करण्याची उमेद प्रत्येकाला राहते असे नाही.

धरण फुटल्यासारखी खोटी आवई उठवून घबराट माजविणाऱ्यास, तशीच ती पुढे पसरविणाऱ्यासही, 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड सांगितला आहे. आकाशातल्या विमानाची सुरक्षितता खोट्या माहितीने जाणूनबुजून धोक्यात आणणाऱ्यास तर 1982 च्या कायद्यात जन्मठेप आहे. 30 ऑक्टोबर 2017 रोजी मुंबईहून दिल्लीस निघालेल्या विमानाच्या शौचालयात अपहरणाची व बाँबची धमकी देणारी चिठ्ठी सापडली आणि विमान अहमदाबादेस उतरवावे लागले. एका प्रवाशावर 2016 च्या अपहरणविरोधी कायद्याखाली खटला झाला; जून 2019 मध्ये विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप व पाच कोटी रुपये दंड ठोठावला. ऑगस्ट 2023 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्यालाच निर्दोष सोडले. शिक्षा जितकी जबर, तितका पुरावाही निखळ असावा लागतो, आणि चिठ्ठी तर मुकी असते.

खोटे बोलणारा आणि घाबरलेला यांत भेद करणे याहूनही अवघड. 22 जानेवारी 2025 रोजी जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ, लखनौहून मुंबईस येणाऱ्या पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले, आणि त्याच रुळांवरून कर्नाटक एक्सप्रेस आली. डझनभर माणसे चिरडून मेली. डब्याला आग लागलेली नव्हती.

अशा वेळी कोणाला तरी तुरुंगात घाला, ही लोकांची पहिली मागणी असते. परंतु आग खरी मानून साखळी ओढणाऱ्याजवळ कारण असते. ते योग्य आणि पुरेसे होते की नाही, हे न्यायालयाला त्या क्षणीच्या डब्यात मनाने उभे राहूनच ठरवावे लागेल. कायद्याने ही वाट मोकळी ठेवली हे योग्यच झाले. नाहीतर उद्या खरोखर धूर दिसला असता साखळीखालचा प्रवासी आधी पाटीवरचा दंड वाचीत बसेल.