वेळेची गळती

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला ‘रोजच्या वेळेचे नियोजन’. हे ऐकून आमच्या घरात सगळे हसले. माझ्या खालच्या मजल्यावरच्यांनाही हसू येत असेल, कारण माझा गजर पहाटे पाचला सुरू होतो आणि सहापर्यंत वाजतच राहतो, हे त्यांना पाठ आहे. पण मी पाणीपुरवठा खात्यात ३१ वर्षं नोकरी केली. नियोजनाचं माहीत नाही, गळतीबद्दल मात्र दोन शब्द बोलू शकतो.

जुन्या सभासदांना आठवत असेल, एका वर्षी आपलं पाण्याचं बिल एकदम वाढलं होतं. ए विंग म्हणे, बी विंगवाले गाड्या धुतात. बी विंग म्हणे, ए विंगमध्ये पाहुणे फार. शेवटी एका रात्री मी आणि वॉचमन टॉर्च घेऊन मीटरपाशी गेलो. खालची टाकी भरलेली, पंप बंद, सगळी इमारत झोपलेली. साडेअकराला आकडा लिहून घेतला. पहाटे चारला पाहिलं, तर आकडा बराच पुढे गेलेला! टाकीचा बॉल कॉक नीट बसत नव्हता आणि ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी गुपचूप गटारात जात होतं. कोणाचाच नळ उघडा नव्हता. एका वायसरचं काम होतं.

सेकंदाला एक थेंब गळला, तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. दिवसात सेकंदही तेवढेच असतात. वेळ असाच जातो. कोणी दरोडा घालत नाही, वायसर खराब झालेला असतो.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगायला त्या घरची परवानगी घेतली आहे, नाव मात्र घेणार नाही. मी सेक्रेटरी होतो तेव्हाची. आपल्यातल्या एका सभासदाने नामनिर्देशनाचा फॉर्म भरून माझ्याकडे दिला. नियमाप्रमाणे तीन प्रती. त्यावर दुसऱ्या साक्षीदाराची सही राहिली होती. मी म्हटलं, ‘ठेवून जा, मी बघतो.’ काम किती? दोन मजले चढून जायचं, सही घ्यायची, कमिटीसमोर ठेवायचं, रजिस्टरमध्ये नोंद करायची. चढण्या-उतरण्यासकट दहा मिनिटं माझी. तो फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये चार महिने राहिला. ते गृहस्थ जिन्यात भेटले की विचारायचे. मी म्हणायचो, ‘अहो, वेळच मिळत नाही.’

पाचव्या महिन्यात ते अचानक गेले.

पुढे वर्तमानपत्रात नोटीस, हरकती मागवणं, प्रतिज्ञापत्रं, वकिलाची फी, मुलाच्या रजा. फ्लॅट वहिनींच्या नावावर व्हायला आठ महिने लागले. वहिनी मला एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. फक्त एकदा विचारलं, ‘भाऊ, यांनी तुमच्याकडे फॉर्म दिला होता ना?’

त्या रात्री मी स्वतःचा मीटर वाचायचं ठरवलं. ज्या चार महिन्यांत मला दहा मिनिटं मिळाली नाहीत, त्या चार महिन्यांत मी काय करत होतो? आठ दिवस एका वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहून ठेवलं. स्वतःशी खोटं बोलायचं नाही, एवढीच अट. त्यात चार गळत्या सापडल्या.

पहिली, मोबाईल. तो मी ‘जरा’ बघायचो. सुप्रभातचे फुलांचे फोटो, कोणीतरी पुढे ढकललेले औषधी उपाय, ‘पाणी आलं का?’ आणि त्यावर सतरा जणांचं ‘आलं’. दिवसाची बेरीज निघाली दोन तास. ‘जरा’ हा शब्द फार महाग आहे, बरं का. आता मी सकाळी दहाला आणि संध्याकाळी सातला असा दोनदाच ग्रुप बघतो. खरंच आग लागली तर कोणी मेसेज पाठवत बसणार नाही, दार वाजवेल.

दुसरी, अर्धवट सोडलेली कामं. मेंटेनन्सचा हिशेब करता करता फोन घ्यायचा, फोनवरून आठवलं म्हणून वीजबिल शोधायचं, ते शोधताना जुना अल्बम सापडायचा. सोफी लेरॉय या अभ्यासक बाईंनी २००९ साली दाखवून दिलं की, काम अर्धवट सोडून दुसरं हातात घेतलं, की मनाचा एक तुकडा पहिल्याच कामात अडकून राहतो. म्हणजे नळ बंद केला, पण पुरता बंद झाला नाही. यावर उपाय साधा आहे. उठावंच लागलं, तर कुठवर आलो आणि पुढे काय करायचं, हे एका ओळीत लिहून उठायचं. मन निर्धास्त होतं.

तिसरी, पसरणारं काम. पार्किन्सन नावाच्या इंग्रज इतिहासकाराने १९५५ साली गमतीने मांडलं की, जितका वेळ हाताशी असेल, तितकं काम पसरतं. निवृत्तीनंतर मला याचा साक्षात्कार झाला. नोकरीत असताना बँकेचं काम जेवणाच्या सुट्टीत उरकायचो, आता बँकेत जायचं म्हणजे अख्खी सकाळ! त्याच पार्किन्सनने समित्यांबद्दलही लिहिलंय. अणुभट्टीचा प्रस्ताव काही मिनिटांत मंजूर होतो, कारण तो कोणाला कळत नाही. सायकलींच्या शेडवर मात्र पाऊण तास वाद चालतो, कारण त्यातलं सगळ्यांना कळतं. आता हसू नका! गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे लाखो रुपये आपण पाच मिनिटांत पास केले आणि गेटच्या रंगावर रात्रीचे अकरा वाजवले. तेव्हा कामाला आधी वेळेची कुंपणभिंत घाला. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलोने विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून २५ मिनिटं एकच काम करण्याची पद्धत काढली. आपल्याकडे तसलं घड्याळ नसलं, तरी फोनचा गजर आहे. माझा गजर आता त्या कामाला लावलाय.

चौथी गळती सगळ्यात मोठी, आणि वहीत ती दिसतच नव्हती. ती म्हणजे नावडतं काम टाळण्यासाठी केलेली आवडती कामं. त्या फॉर्मसाठी मी वर का गेलो नाही? वेळ नव्हता म्हणून नाही. त्या साक्षीदाराशी पार्किंगवरून माझी बोलाचाली बंद होती. त्याच्या दाराची बेल वाजवायला मला नको वाटत होतं. म्हणून त्या चार महिन्यांत मी सोसायटीच्या सगळ्या फायली नव्याने लावल्या, लेबलं चिकटवली, आणि दमलो म्हणून सगळ्यांना सांगितलं. मित्रहो, आपण पुष्कळदा ‘वेळ नाही’ म्हणतो तेव्हा खरं कारण वेगळंच असतं. कधी भीती, कधी लाज, कधी नुसता अहंकार. ते एकदा कबूल केलं की दहा मिनिटं सापडतात. आता सकाळी चहा झाला की पहिलं काम नावडतं. एकच. ते झालं की उरलेला दिवस हलका जातो.

ही वही मी मोठ्या ऐटीत घरी दाखवली. सौ.ने वाचली आणि म्हणाली, ‘आता माझीही लिहा.’ लिहिली. तिच्या वेळेला भोकं तिने पाडलेली नव्हती. ‘माझा चष्मा कुठे?’, ‘पार्सल घे गं’, ‘चहा टाकतेस का?’ ही सगळी भोकं माझी. तेव्हा पुरुष मंडळींनो, आपला वेळ वाचवताना तो कोणाच्या टाकीतून भरतोय, तेही बघा.

आणि एक सावधगिरीचं सांगतो. झाडांना घातलेलं पाणी म्हणजे गळती नव्हे. संध्याकाळी खाली बाकावर बसून मारलेल्या गप्पा, नातवाबरोबरचा कॅरम, दुपारची वामकुक्षी यांना मी वहीत गळती म्हटलेलं नाही. ज्यासाठी पाणी साठवायचं, ते हेच तर आहे. मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवून माणूस कोरडा झाला, तर मीटर बरोबर आला काय आणि चुकला काय!

त्या साक्षीदार शेजाऱ्यांच्या दारी मी नंतर गेलो. उशिरा गेलो. त्यांनी दार उघडलं आणि सगळं ऐकून एवढंच म्हणाले, ‘तुम्ही बेल वाजवली असती, तर मी सही केली असती हो.’ आज ते पहिल्या रांगेत बसले आहेत.

समितीला विनंती करून मी आज सभागृहाच्या दाराशी एक टेबल मांडून घेतलं आहे. त्यावर नामनिर्देशनाचे कोरे फॉर्म आहेत, पेन आहे, आणि साक्षीदारांची वाण नाही, सगळी सोसायटीच इथे आहे. ज्यांचं राहिलं असेल, त्यांनी जेवणाच्या रांगेत उभं राहण्याआधी ते उरकून घ्यावं. दहा मिनिटं लागतील.

मला वीस मिनिटं दिली होती. अठरा झाली. उरलेली दोन तुमची.